लोहाराच्या भट्टीचं धुराडं आणि कोल्हापूरचा पाऊस

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



पाऊस म्हटला की आपल्या कोल्हापूरकरांचं लक्ष पंचगंगेकडे जातं. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांनी ते आकडे आपल्या डोक्यात पक्के बसवले आहेत. आज मात्र आपण खालून चढणाऱ्या पाण्याबद्दल बोलणार नाही. वरून, एका दहा इंची भोकातून आत येणाऱ्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. ते भोक म्हणजे लोहाराच्या भट्टीचं धुराडं.

विषय छोटा वाटेल. पण विचार करा, लोहाराचं काम नेमकं कधी असतं? मृगाच्या आधी फाळ, कुदळी, कुऱ्हाडी शेवटून घ्यायच्या. पाऊस लागला की भांगलणीची खुरपी. श्रावण-भाद्रपदात गवत कापायचे विळे. आणि पावसाळा सरता सरता ऊसतोडीचे कोयते. म्हणजे वर्षाचं अर्धंअधिक काम ऐन पावसात किंवा त्याच्या उंबऱ्यावर. भट्टी बंद ठेवून चालत नाही.

आता याच जिल्ह्यातलं उलट उदाहरण बघा. आपली गुऱ्हाळघरं. चुलवाणाला उंच धुराडं असतं आणि त्याचं तोंड बहुधा सताड उघडं असतं. तिथं टोपी का नाही? कारण गुऱ्हाळाचा हंगाम ऊस तयार झाल्यावर, पाऊस संपल्यावर चालू होतो. पावसाळ्यात चुलवाण थंड असतं. ओल धरलेली वीट हंगामाच्या सुरुवातीला मंद जाळावर वाळवली की झालं. लोहाराला ही सवलत नाही. त्याची आग आणि पाऊस एकाच वेळी, एकाच छपराखाली नांदतात.

किती पाणी येतं?

आधी हिशेब करू. दहा इंच व्यासाच्या नळाच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ०.०५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला तर उघड्या नळातून ५ लिटर पाणी आत. कोल्हापूर शहरात हंगामाचा पाऊस १,००० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चार महिन्यांत ५० लिटर. पण गगनबावड्याकडे सरका. तिथं हंगामात ५,००० मिलिमीटर पाऊस पडणं नवलाचं नाही. तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याच नळातून अडीचशे लिटर पाणी उतरतं. सव्वा बॅरल!

एकच जिल्हा, पण पाणी पाचपट. म्हणून 'शहरात अमक्यानं असं धुराडं केलंय, तसंच करू' हे आजरा, चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडे चालेलच असं नाही.

पाच लिटर पाण्यानं काय बिघडतं?

पहिली गोष्ट, ओढ. धुराडं धूर वर का ओढतं? आतली हवा गरम, म्हणून हलकी. बाहेरची थंड, म्हणून जड. या वजनातल्या फरकानं धूर वर ढकलला जातो. चार मीटर उंचीचं धुराडं घ्या. बाहेर ३० अंश, आत १५० अंश. कोल्हापूरच्या उंचीवरची हवा धरून हिशेब केला तर ओढ येते साधारण १२ पास्कल. म्हणजे पाण्याच्या सव्वा मिलिमीटर थराचा दाब. इतकीच! एवढ्याशा ताकदीवर सगळा धूर बाहेर जातो. आता नळ आतून ओला झाला, पाण्याची वाफ करण्यात उष्णता गेली आणि आतलं तापमान ६० अंशावर आलं, तर ओढ उरते ४ पास्कल. एक तृतीयांश. धूर मग खोलीत फिरतो.

आणि इथं खरा धोका आहे. पावसात लोहार काय करतो? झड आत येते म्हणून दार लोटतो, खिडकीला ताडपत्री बांधतो. म्हणजे धुराड्याची ओढ कमी झालेली असते त्याच दिवशी तो हवेचे बाकीचे रस्तेही बंद करतो. कोळसा, मग तो दगडी असो की लाकडी, अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, पाय जड होतात आणि माणूस म्हणतो, 'पावसानं अंग मोडून आलंय.' लाकडी कोळशाचा धूर दिसत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. तसं नाही. पावसाळ्यात भट्टीजवळ डोकं दुखू लागलं तर चहा मागवू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

दुसरी गोष्ट, भट्टीचं भांडं. बिडाचं असो की मातीनं लिंपलेलं, तापलेल्या भांड्यावर गार पाण्याची धार पडली की तडा जातो. एका पावसात जाणार नाही, पण एका हंगामात जातो.

तिसरी, गंज. दगडी कोळशात थोडं गंधक असतं. त्याचा अंश काजळीत उतरतो. कोरडी काजळी पत्र्याला फारसं काही करत नाही. ओली झाली की तिच्यात सौम्य आम्ल तयार होतं आणि ते पत्रा आतून खातं. बाहेरून नळ धडधाकट दिसतो, बोट दाबलं की आरपार.

आणि चौथी, धार. विळ्याला पाणी देताना लोहार रंग बघतो आणि नेमक्या क्षणी पातं पाण्यात घालतो. सगळी कारागिरी त्या क्षणात असते. त्याच वेळी वरून दोन थेंब तापल्या पात्यावर पडले तर तेवढीच जागा आधी गार होते. तिथं पातं वाकतं किंवा बारीक चीर धरतं. पाणी देणं हे लोहाराच्या हातात असलं पाहिजे, आभाळाच्या नाही.

टोपी आणि तिचं गणित

आता उपाय. सगळ्यात आधी सुचते ती टोपी. नळावर पत्र्याचा शंकू. शेतात रोप लावणाऱ्या बायका डोक्यावर इरलं घेतात ना, तसंच धुराड्याचं इरलं. कल्पना बरोबर आहे, पण माप चुकलं की टोपी पावसाआधी धुरालाच अडवते.

नळाचं तोंड आणि टोपी यांच्यात किती फट हवी? दहा इंची नळाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस इंच. नळाचा घेर ३१.४ इंच. फट अडीच इंच ठेवली तर भोवतालची मोकळी जागा होते तेवढीच, साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे व्यासाच्या चौथ्या भागापेक्षा फट कमी असेल तर तुम्ही धुराड्याचा गळा आवळला. पण धूर टोपीला आपटून वळतो, त्यात जोर जातो, शिवाय काजळी साठते. म्हणून व्यासाच्या निम्मी, म्हणजे ५ इंच फट धरा. टोपीचा व्यास नळाच्या दुप्पट, २० इंच.

हे मापही सगळा पाऊस थांबवत नाही. टोपी नळाच्या चारी बाजूंनी ५ इंच पुढे आली आणि फटही ५ इंच. म्हणजे पाऊस ४५ अंशांपेक्षा तिरपा आला की टोपीखालून सरळ नळात शिरणार. मध्यम थेंब, दोन मिलिमीटरचा, सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगानं पडतो. वाराही तेवढ्याच वेगाचा असला, ताशी २३ किलोमीटरच्या आसपास, की पाऊस ४५ अंशात येतो. जुलैत पश्चिमेकडून येणारी झड यापेक्षा जोरात असते. बरं, फट वाढवली तर झड जास्त आत, कमी केली तर धूर आत. टोपीचं हे दुखणं आहे. ती सरळ पावसाला चांगली, झडीला अपुरी.

बाहेरची बाही

दुसरी रचना कारखान्यांच्या धुराड्यांवर वापरतात. तिच्यात टोपी नसते. नळाच्या तोंडावर त्याच्यापेक्षा एक इंच जास्त व्यासाचा दुसरा नळ बाहीसारखा बसवायचा. खाली ६ इंच आतल्या नळावर चढलेला, बाकी वर मोकळा. एकूण उंची व्यासाच्या चौपट, म्हणजे ४० इंच. दोन्ही नळांमध्ये चहूबाजूंनी अर्धा इंच फट, आणि तीन-चार पट्ट्यांनी जोड.

तिरपा पाऊस वरच्या तोंडातून आत येतो, पण खाली आतल्या नळापर्यंत पोचायच्या आधी बाहीच्या भिंतीला आपटतो. ओघळत खाली येतो आणि अर्ध्या इंचाच्या फटीतून छपरावर गळून जातो. धुराला काहीच अडथळा नाही, तो सरळ वर. हिशेब केला तर उभ्या रेषेपासून साधारण १८ अंशांहून जास्त तिरपा पाऊस आतल्या नळात पोचूच शकत नाही. म्हणजे टोपीच्या अगदी उलट. झडीला उत्तम, सरळ पडणाऱ्या संथ पावसाला अपुरी.

कोणी म्हणेल, धुराच्या जोरानं थेंब वरच उडून जातील. मोठ्या पंख्याच्या धुराड्यात ते काही अंशी घडतं. कारण ५ मिलिमीटरचा मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरनं पडतो आणि तिथं धुराचा वेग त्याहून जास्त ठेवता येतो. आपल्या भट्टीत धूर सेकंदाला दोन-तीन मीटरनं वर जातो. आणि रात्री भट्टी विझली की शून्य. पाऊस रात्रीही पडतो.

पाणी आलंच तर जाणार कुठं?

मंडळी, इथपर्यंत आपण एकच प्रश्न विचारत होतो: पाऊस आत येऊ नये म्हणून काय करायचं? आता प्रश्न थोडा बदलू. आलेलं पाणी आगीवर पडू नये म्हणून काय करायचं? जुना सुतार कौलं शाकारतो तेव्हा प्रत्येक थेंब कौलावरच रोखायचा प्रयत्न करत नाही. तो थेंबाला वाट देतो, पन्हळ देतो. तेच तत्त्व इथं लावा.

भट्टीच्या बरोबर डोक्यावर उभा नळ असला की वरचा प्रत्येक थेंब आगीवर. त्याऐवजी धूर बाजूनं ओढा. भट्टीच्या मागच्या अंगाला, आगीला जवळजवळ खेटून, पत्र्याची पेटी. तिचं तोंड आगीकडे, साधारण एक चौरस फुटाचं. पेटीतून नळ आडवा भिंतीबाहेर काढायचा, आणि बाहेर वर उभा न्यायचा. आडवा आणि उभा नळ जिथं मिळतात तिथं खाली सहा-आठ इंचांची बोचकी ठेवायची. तळाला झाकण आणि झाकणाला पेन्सिलीएवढं भोक.

आता पाऊस उभ्या नळात पडला, तर बोचकीत उतरतो आणि भोकातून बाहेर गळतो. आगीजवळ पोचतच नाही. झाकण उघडलं की काजळीही काढता येते. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे छपराला भोकच पाडावं लागत नाही. टोपीत थोडी कसर राहिली तरी चालते, कारण टोपी आता एकटी राखण करत नाही. पश्चिमेकडच्या भरपूर पावसाच्या तालुक्यांत नवीन भट्टी बांधणार असाल तर माझी शिफारस हीच. उभा नळ शक्यतो पूर्वेच्या अंगाला घ्या, म्हणजे झड भिंत झेलते. मात्र तो आढ्याच्या वर गेलाच पाहिजे. वाऱ्याच्या आडोशाला राहिला तर वारा छपरावरून कोसळताना धूर परत खाली दाबतो.

उंचीचा ढोबळ नियम असा: छपरातून जिथं निघतो तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिघात जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा किमान २ फूट वर.

सांधा: खरा चोर

खूपदा लोक टोपीवर टोपी बदलतात आणि गळती तशीच. कारण पाणी तोंडातून येतच नसतं. ते नळ आणि छप्पर यांच्या सांध्यातून येतं आणि नळाच्या बाहेरच्या अंगानं ओघळत खाली उतरतं. कसं ओळखायचं? कोरड्या दिवशी छपरावर नळाच्या वरच्या बाजूला दोन बादल्या पाणी ओता. नळाच्या तोंडात थेंबही जाऊ देऊ नका. खाली गळलं तर चोर सांध्यात आहे. आणखी एक खूण: नळाच्या आतून येणारं पाणी काळं असतं, बाहेरून येणारं बरंचसं स्वच्छ.

सांध्यावर डांबर थापणं, सिमेंट लिंपणं हा एका हंगामाचा इलाज. नळ तापतो, वाढतो, निवतो, आकसतो. ताठ सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, फुटतं. त्यापेक्षा दोन झालरी करा. एक छपराला पक्की आणि नळाभोवती उभी कडा असलेली. तिची वरची कड आढ्याकडच्या पत्र्याखाली किंवा कौलाखाली गेली पाहिजे. दुसरी नळाला घट्ट आवळलेली, छत्रीसारखी, पहिलीच्या कडेवरून खाली उतरलेली. दोघी एकमेकींना चिकटलेल्या नकोत. नळ खुशाल वर-खाली होऊ दे, पाणी आत जात नाही. नळ शक्यतो आढ्याजवळून काढा, म्हणजे वरच्या छपराचं पाणी त्याच्यावर धावून येत नाही.

नळाचे तुकडे जोडतानाही दिशा बघा. वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत गेलं पाहिजे. उलट बसवला तर आत ओघळणारं काळं पाणी प्रत्येक सांध्यातून बाहेर येतं आणि भिंत रंगवतं. लक्षात ठेवायला सोपं: आतलं पाणी आतच राहावं, बाहेरचं बाहेरच.

आणि एक सूचना. कौलारू घराचे वासे आणि रिपा लाकडाच्या असतात. साध्या एकपदरी नळापासून लाकूड दीड फूट लांब ठेवा. गळती थांबवायच्या नादात नळ लाकडाला खेटवला तर पाण्याऐवजी आग पदरात पडेल.

पत्रा कोणता?

आगीजवळची पेटी काळ्या पत्र्याची, दोन-तीन मिलिमीटर जाड. तिथं जस्ताचा पत्रा वापरू नका. जस्त ४१९ अंशाला वितळतं, आणि जास्त तापलं की त्याचा धूर छातीत जातो, ताप भरतो. वरच्या थंड भागात जस्ताचा पत्रा चालतो. टोपी आणि बाही जमलं तर स्टेनलेसची करा, कारण सगळ्यात जास्त ओली काजळी तिथंच साठते. जुनं बॅरल कापून पेटी करणार असाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. तेल, थिनर, रसायनाचं रिकामं बॅरल गॅसनं किंवा ग्राइंडरनं कापताना आतल्या वाफेचा स्फोट होतो.

रोजची शिस्त

काम संपल्यावर, आग पूर्ण विझल्यावर नळावर झाकण ठेवता आलं तर निम्मा पाऊस तिथंच थांबला. बिजागरीचं झाकण आणि खालपर्यंत लोंबणारी तार, एवढं पुरे. पण झाकण तसंच राहून भट्टी पेटली तर सगळा विषारी वायू खोलीत. म्हणून तारेचं टोक ब्लोअरच्या बटणाला किंवा भात्याच्या दांड्याला अडकवा. झाकण उघडल्याशिवाय तार सुटायला नको आणि भाता हलायला नको.

पावसाळी सकाळी धुराडं थंड आणि जड असतं. एकदम कोळसा पेटवला की धूर तोंडावर येतो. आधी पेटीच्या तोंडाशी कागदाचा पेटता बोळा धरा. आतली हवा हलली, ज्वाळा आत ओढली गेली, की मग भट्टी पेटवा. आणि दार कितीही झड असली तरी चार बोटं उघडं ठेवा. धूर बाहेर जायचा असेल तर तेवढी हवा कुठून तरी आत आलीच पाहिजे.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आमचं धुराडं सिमेंटच्या पत्र्यातनं सरळ वर काढलंय. भट्टी हलवायला जागा न्हाई. काय करावं?*

काका, जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता आहे. तो नव्यानं कापू नका, भोक वाढवू नका. त्याची बारीक धूळ फुप्फुसाला फार वाईट. आहे त्या भोकातच दोन झालरींचा सांधा करा. वर २० इंची टोपी, ५ इंच फट. आणि छपराखाली नळाला एक तिरकस वळण देऊन वळणाच्या तळाला छोटी बोचकी काढता आली तर पाणी आगीवर पडणार नाही.

*भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवला तर धुराड्याची कटकटच मिटेल ना?*

उलट वाढेल. मघाशी ओढ १२ पास्कल म्हणालो. बंद खोलीतला पंखा सहज त्याच्यावर मात करतो आणि धुराड्यातूनच हवा, धूर, पाणी खाली ओढतो. पंखा हवाच असेल तर बाहेरून आत हवा सोडणारा लावा. आणि ओल्या जमिनीवर ब्लोअर, पंखा चालवताना अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे.

*टोपीला जाळी लावावी का? शेजारी कडब्याची गंजी आहे.*

ठिणग्यांसाठी लावा, पण अर्ध्या इंचाच्या डोळ्यांची. बारीक जाळी पावसाळ्यात ओल्या काजळीनं आठ-पंधरा दिवसांत बुजते आणि धूर कोंडतो. दर आठवड्याला झटका. आणि गंजी तिथून हलवा. जाळी ठिणग्या कमी करते, बंद करत नाही.

*एकच गोष्ट करायची झाली तर कोणती?*

या रविवारी दोन बादल्या पाणी ओतून बघा. गळती सांध्यातून येते की तोंडातून, ते आधी कळू दे. मग पत्रा कापायला घ्या.